परिच्छेदाखाली पुस्तकाचे नाव दिले, तरी संदर्भ अपुरा का ठरतो?

तुमचा प्रश्न मला असा समजला. पानशेतच्या पुरानंतर पुण्यात वसवलेल्या पूरग्रस्तांच्या वसाहतींवर तुम्ही एम. ए.चा शोधप्रकल्प लिहिला आहे, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंसात पुस्तकाचे नाव दिले आहे आणि अखेरीस बेचाळीस नोंदींची संदर्भसूचीही जोडली आहे. तरीही मार्गदर्शकांनी समासात ‘संदर्भ नीट द्या’ एवढाच शेरा लिहून प्रत परत केली, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने ३१ टक्के साम्य दाखवले. संदर्भ लिहिण्याच्या एपीए, एमएलए आणि शिकागो या पद्धतींपैकी कोणती ‘बरोबर’, आणि हे सगळे आपोआप करून देणारे एखादे साधन आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवते आणि त्यातली काही वर्षे एका संशोधनपत्रिकेचे संपादनही केले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते, की तुमची अडचण पद्धतीच्या निवडीपाशी नाही. स्वल्पविराम कुठे, वर्ष कंसात की कंसाबाहेर, या गोष्टी एका दुपारी दुरुस्त होतात. तुमचा परिच्छेद वाचताना त्यातले कोणते वाक्य पुस्तकातले, कोणते तुमच्या पाहणीतले आणि कोणते तुमचे मत, हे मार्गदर्शकांना ओळखता आले नसावे. प्रत माझ्यासमोर नाही, त्यामुळे हा तर्कच आहे. पण असा शेरा मी स्वतः ज्या प्रतींवर लिहिते, त्यांपैकी बहुतेकींत दोष हाच असतो.

पद्धतीचा प्रश्न आधी उरकून टाकू. मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र यांत एपीए चालते आणि तिची सध्याची आवृत्ती सातवी आहे. भाषा-साहित्यात एमएलए, जिची नववी आवृत्ती २०२१ साली आली. इतिहासकार बहुधा शिकागोच्या तळटिपा पसंत करतात. वैद्यकात व्हँकुव्हर आणि अभियांत्रिकीत आयट्रिपलई या क्रमांकांच्या पद्धती आहेत. यांत बरोबर-चूक असे काही नाही. विभागाची स्वतःची नियमपुस्तिका असेल तर तीच अंतिम, आणि नसेल तर मार्गदर्शकांना एका ओळीत विचारून त्यांचे उत्तर जपून ठेवा. ग्रंथालयातला जुना प्रबंध समोर ठेवून नक्कल करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण मान्य झालेल्या प्रबंधांतही चुका असतात आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात. तुमचा विषय अर्धा इतिहासाचा आणि अर्धा समाजशास्त्राचा आहे. जुनी वृत्तपत्रे आणि दफ्तरातली कागदपत्रे जास्त असतील तर तळटिपा सोयीच्या पडतील, मुलाखती आणि अलीकडचे लेख जास्त असतील तर एपीएसारखी लेखक-वर्ष पद्धत, म्हणजे मजकुरातच कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष. एकदा ठरवल्यावर मात्र मध्येच बदलू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तुमच्या विषयावर असा एक परिच्छेद कल्पून पाहा: ‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अनेक कुटुंबे बेघर झाली. त्यांच्यासाठी गोखलेनगरसारख्या भागांत वसाहती उभ्या राहिल्या. वाड्यातला शेजार तुटल्याने बायकांचा रोजचा आधार गेला. वसाहतीतल्या वृद्ध स्त्रिया आजही आपली ओळख जुन्या पेठेच्या नावाने करून देतात.’ आणि याच्या शेवटी कंसात एका पुस्तकाचे नाव. या सहा वाक्यांची जात एक नाही. पहिल्या दोन वाक्यांतल्या घटना पुण्यात सर्वांना ठाऊक आहेत, त्यांना संदर्भाची गरज नाही. अमुक चौकात पाणी किती फूट चढले, असे लिहिले असते तर मात्र गरज लागली असती. तिसऱ्या वाक्यातले ‘अनेक’ हे वाचकाच्या मनात लगेच ‘किती?’ असा प्रश्न उभा करते. आकडा आणि तो कोणी मोजला हे दोन्ही तेथे हवेत. चौथे वाक्य साधे असले तरी कोणती वसाहत कोणत्या वर्षी, याला कागद दाखवावा लागेल. पाचवे वाक्य ही माहिती नसून कोणा अभ्यासकाचे निरीक्षण आहे, म्हणून त्या अभ्यासकाचे नाव थेट वाक्यातच यायला हवे: ‘अमुक यांच्या मते वाड्यातला शेजार तुटल्याने…’ असे.

आणि सहावे वाक्य? ते बहुधा तुम्ही स्वतः वसाहतीत हिंडून, ओट्यावर बसून ऐकले असेल. शेवटच्या कंसामुळे तुमचे हे निरीक्षण त्या पुस्तकाच्या खात्यावर जमा झाले. संदर्भ चुकला की दुसऱ्याचे आपण घेतो, एवढेच विद्यार्थ्यांना शिकवले जाते. आपले दुसऱ्याला देऊन टाकण्याचा प्रकार मला त्याहून जास्त वेळा दिसतो, आणि प्रकल्पात जे काही नवे असते तेच त्यात हरवते. परीक्षकाला वाटते, हिने पुस्तकेच उतरवली.

त्यामुळे संदर्भ परिच्छेदाला न देता वाक्याला द्यायचा, ही पहिली सवय. सलग तीन वाक्ये एकाच पानावरून घेतली असतील तर पहिल्याच वाक्यात लेखकाचे नाव घ्यावे, पुढची दोन ‘त्यांच्याच पाहणीनुसार’ अशा शब्दांनी बांधून घ्यावीत आणि जेथे त्यांचे संपून तुमचे सुरू होते, तेथे ‘माझ्या मुलाखतींत मात्र’ असे स्पष्ट वळण द्यावे. पृष्ठक्रमांकाबद्दल पद्धतींत फरक आहे. एपीएमध्ये शब्दशः अवतरणाला तो सक्तीचा आहे, स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या आशयाला नाही. मी मात्र माझ्या विद्यार्थ्यांकडून दोन्हीकडे मागून घेते, कारण मौखिक परीक्षेत ‘हे कुठे आहे?’ असे विचारल्यावर तीनशे पानांचे पुस्तक पुढे करता येत नाही.

तुमच्या ३१ टक्क्यांचे मूळ मला ‘स्वतःच्या शब्दांत’ या शब्दप्रयोगाच्या गैरसमजात दिसते. पुस्तक उघडे ठेवून ‘विस्थापित’च्या जागी ‘बेघर’ आणि ‘निवासस्थान’च्या जागी ‘घर’ असे शब्द बदलत गेले, की वाक्याचा सांगाडा मूळ लेखकाचाच राहतो. ही शब्दांची अदलाबदल झाली, मांडणी तुमची झाली नाही. मी स्वतः असे करते: उतारा दोनदा वाचते, पुस्तक मिटते, त्यात काय म्हटले आहे ते शेजारच्या खोलीतल्या कोणाला तरी सांगत असल्यासारखे लिहिते, आणि मग पुस्तक उघडून अर्थ निसटला नाही ना आणि मूळचे शब्द नकळत आले नाहीत ना, हे ताडून पाहते. संदर्भ तरीही द्यायचाच, कारण शब्द तुमचे झाले तरी विचार त्यांचाच आहे. एखादे वाक्य बदलून बिघडतच असेल तर ते बदलू नका. अवतरणचिन्हांत जसेच्या तसे घ्या. एपीएनुसार चाळीस किंवा अधिक शब्दांचे अवतरण चिन्हांशिवाय, समास सोडून वेगळ्या परिच्छेदात घ्यावे लागते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी येथे एक खास सापळा आहे आणि तो इंग्रजी नियमपुस्तिकांत फारसा सापडत नाही. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करून लिहिले की ते आपले झाले, अशी कित्येकांची प्रामाणिक समजूत असते. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला अशी भाषांतरे बहुधा पकडता येत नाहीत, म्हणून ती समजूत पक्की होते. परंतु ज्याने तो इंग्रजी लेख वाचला आहे, असा बहिःस्थ परीक्षक दोन वाक्यांत ओळखतो, कारण मराठी वाक्यरचनेतून इंग्रजीची बरगडी वर आलेली असते. शब्दशः भाषांतर हेही अवतरणच आहे. ते चिन्हांत घालावे, मूळ लेखकाचा व पृष्ठाचा संदर्भ द्यावा आणि ‘भाषांतर माझे’ असे नोंदवावे. सर्वच भाषांतरे तुमची असतील तर प्रास्ताविकात एकदा सांगितले तरी पुरते.

यानंतरची गोष्ट न पाहिलेल्या पुस्तकांची. बेचाळीस नोंदींपैकी किती पुस्तके तुम्ही प्रत्यक्ष हातात धरली? हा टोमणा नाही, मी स्वतः यात पोळले आहे. विद्यार्थी असताना एका नव्या पुस्तकात मला जुन्या ग्रंथातले अवतरण पृष्ठक्रमांकासह मिळाले आणि जणू जुना ग्रंथच वाचला आहे अशा थाटात मी ते तळटिपेत घातले. परीक्षकांनी मूळ ग्रंथ वाचलेला होता. नव्या पुस्तकात पृष्ठक्रमांक चुकीचा छापला होता आणि माझ्या प्रबंधात नेमकी तीच चूक उतरली होती. ते रागावले नाहीत, फक्त ‘पुन्हा एकदा पाहून या’ म्हणाले, आणि ते आजही आठवते.

तुमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग गोखले संस्थेने १९४५ साली प्रसिद्ध केला. पुरापूर्वीच्या पेठा कशा होत्या हे सांगताना तुम्हाला तिचा आधार लागेलच. तुम्ही तिच्याविषयी दुसऱ्याच्या पुस्तकात वाचले असेल, तर ‘गाडगीळ, १९४५, अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहावे आणि संदर्भसूचीत फक्त तुम्ही वाचलेले पुस्तक घ्यावे. मात्र पुण्यात राहून ही पळवाट फार वापरू नये. गोखले संस्थेचे ग्रंथालय, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था ही सगळी एका शहरात आहेत. मार्गदर्शकांचे पत्र घेऊन गेल्यास आणि तेथील नियम आधी विचारून घेतल्यास एका सकाळीत तीन-चार मूळ संदर्भ पाहून होतात.

वर्षाचे प्रकरणही मराठी ग्रंथांत नाजूक आहे. ‘फुले, १९९१’ असा संदर्भ मी दरवर्षी एकदा तरी पाहते. जोतीराव फुले १८९० साली निवर्तले. विद्यार्थ्याने राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या समग्र वाङ्मयाची १९९१ची आवृत्ती वापरली, एवढाच त्याचा अर्थ. ‘गुलामगिरी’चा संदर्भ ‘फुले, १८७३/१९९१’ असा दिला की मूळ लेखन कधीचे आणि पृष्ठक्रमांक कोणत्या आवृत्तीचा, हे दोन्ही कळते. पुनर्मुद्रणात पाने बदलतात, म्हणून शीर्षकपृष्ठाच्या मागची बाजू नेहमी पाहावी. जुन्या पुस्तकांवर शालिवाहन शकाचे वर्ष असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८८३’ असे मूळ लिहून पुढे १९६१-६२ देणे अधिक प्रामाणिक.

नावांचे नियम मात्र थोडक्यात सांगते. सूचीत आडनाव आधी, सूची अकारविल्हे, टोपणनावाने प्रसिद्ध झालेले लेखन टोपणनावाखालीच, कारण ग्रंथालयाच्या तालिकेत वाचक तेच शोधणार. इंग्रजी प्रबंधात मराठी लेखकाचे नाव रोमन लिपीत एकाच रीतीने लिहा; एकच लेखक दोन स्पेलिंगांमुळे सूचीत दोन माणसे झाल्याचे मी पाहिले आहे.

तळटिपांचा मार्ग धरलात तर ‘तत्रैव’ आणि ‘पूर्वोक्त’ यांपासून मसुदा संपेपर्यंत लांब राहा. ‘तत्रैव’ म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ, ‘पूर्वोक्त’ म्हणजे त्याआधी कुठेतरी उल्लेखलेला ग्रंथ. संगणकावर आपण परिच्छेद उचलून दुसरीकडे नेतो, मध्ये नवी टीप घालतो, आणि ‘तत्रैव’ निमूटपणे भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटते. प्रत्येक टिपेत लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे लघुशीर्षक आणि पृष्ठ असे लिहा. शिकागोनेही सतराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून, ‘तत्रैव’च्या इंग्रजी भावंडापेक्षा, म्हणजे ‘इबिड’पेक्षा, अशाच लघुसंदर्भाला पसंती दिली आहे.

तुमच्याकडे पुस्तकांखेरीज बरेच काही असणार. वृत्तपत्राच्या नोंदीत अंकाची पूर्ण तारीख आणि पान हवे; घटनेची तारीख आणि अंकाची तारीख यांत गल्लत करू नका, कारण १२ जुलैच्या दुपारची बातमी त्या दिवशी सकाळच्या अंकात नसणार. कात्रण एखाद्याच्या घरच्या वहीत चिकटवलेले मिळाले आणि त्यावर तारीख नसेल, तर ‘दिनांक नाही, खासगी संग्रहातील कात्रण’ असे सरळ लिहावे. पुरालेखागारातल्या कागदाला दफ्तराचे नाव, फाइलचा क्रमांक आणि कागदाची तारीख लागते, आणि हे तेथे बसूनच उतरवावे लागते. घरी आल्यावर मोबाइलमधल्या फोटोवरून फाइल ओळखता येत नाही. मी प्रत्येक फाइलचा पहिला फोटो तिच्या आवरणाचाच काढते.

मुलाखतींबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. एखाद्या तज्ज्ञाशी फोनवर बोलून एक मुद्दा समजून घेतला, तर एपीए त्याला व्यक्तिगत संवाद मानते: नाव आणि तारीख मजकुरात येते, संदर्भसूचीत येत नाही, कारण वाचकाला तो संवाद पुन्हा मिळवता येणार नाही. परंतु वसाहतीतल्या स्त्रियांच्या तुम्ही घेतलेल्या मुलाखती ही तुमच्या संशोधनाची सामग्री आहे. त्यांचे वर्णन पद्धतीच्या प्रकरणात करावे आणि मजकुरात ‘निवेदिका ४, वय ७८’ अशा खुणेने त्यांचे बोलणे द्यावे. खरी नावे द्यायची की नाहीत, हे त्यांच्या संमतीवर आणि तुमच्या विभागाच्या नियमांवर अवलंबून आहे. मौखिक इतिहासात काही जणींना स्वतःचे नाव छापून यावे असे वाटते, तेव्हा आपणच ते झाकणेही अन्यायाचे होते. विचारून घ्या आणि संमती लेखी ठेवा.

आपोआप करून देणाऱ्या साधनांविषयी: संदर्भांच्या नोंदी साठवून सूची तयार करून देणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत आहे, २००६पासून आहे आणि शंभरावर नोंदी सांभाळायला मी तेच वापरते. पण ते टंकलेखनिक आहे, संशोधक नव्हे. ग्रंथालयाच्या तालिकेतून उचललेल्या मराठी नोंदींत नाव आणि आडनाव यांची अदलाबदल होते, प्रकाशनस्थळाच्या जागी प्रकाशक येतो, मराठी नावांमागे ‘आणि इतर’ऐवजी इंग्रजी ‘एट अल’ उमटते. प्रत्येक नोंद पुस्तकाशी ताडून हाताने दुरुस्त करावीच लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मात्र संदर्भ मागूच नका. संपादक असताना माझ्याकडे आलेल्या एका लेखात अशी नोंद होती: नियतकालिक खरे, वर्ष आणि खंडाचा मेळ बरोबर, लेखकाचे नावही ओळखीचे, अंक काढून पाहिला तर त्या पानावर भलताच लेख. लेखकाने ती नोंद कुठून आणली हे विचारल्यावर उत्तर आले नाही. मिळालेल्या मजकुराचा मागोवा घेऊन मूळ लेख स्वतः उघडता आला, तरच ती नोंद सूचीत घ्यावी.

आता ३१ टक्क्यांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाहून अधिक ते चाळीस हा पहिला स्तर, ज्यात सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची असते. चाळीस ते साठ टक्क्यांना सुधारित प्रत देण्यावर एक वर्षाची बंदी, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. हे पदव्युत्तर प्रबंधांनाही लागू आहे. तुमची संस्था त्याहून कडक असू शकते, तेवढे विचारून घ्या. नियमांनी काही गोष्टी मोजणीतून वगळलेल्या आहेत: योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची नावे, प्रमाण समीकरणे. तुमच्या अहवालात हे सारे धरूनच ३१ आले असण्याची शक्यता आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते वगळण्याचा पर्याय कोणीतरी निवडावा लागतो. म्हणून आकडा पाहून घाबरू नका आणि आकडा उतरवण्यासाठी शब्दही फिरवत बसू नका. पूर्ण अहवाल मागून घ्या आणि रंगवलेला प्रत्येक तुकडा वाचा. अवतरणचिन्हे राहून गेलेली वाक्ये, शब्द बदलून घेतलेले उतारे आणि निव्वळ योगायोगाने जुळलेली ‘महाराष्ट्र शासनाच्या महसूल व वन विभागाने’ यांसारखी नामावली, असे तीन ढीग पडतील. काम पहिल्या दोन ढिगांवरच आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: चार टक्के साम्य असलेला प्रबंध संपूर्ण भाषांतरित असू शकतो.

सुधारित प्रत देण्याआधी एवढे करा. प्रकल्प कागदावर छापून घ्या, तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा: दुसऱ्याकडून घेतलेल्याला एक रंग, तुमच्या मुलाखती आणि पाहणीला दुसरा, तुमच्या मताला तिसरा. पहिल्या रंगाच्या प्रत्येक वाक्याशी नाव आणि पान आहे का ते पाहा, दुसऱ्या रंगाच्या वाक्यांमागे चुकून लागलेले पुस्तकाचे नाव काढा, आणि संदर्भसूचीतल्या ज्या नोंदीला मजकुरात एकही वाक्य सापडत नाही ती खोडा. बेचाळीसच्या तीस झाल्या तरी हरकत नाही. काही वाक्यांना कोणता रंग द्यायचा हेच आठवणार नाही. ती वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि ग्रंथालयात पहिली फेरी त्यांच्यासाठी मारा.